फळ्यावरचं नाव

पांढुर्णा, ८ नोव्हेंबर २०२४

मामाजी,

मी मेल्याचं मला काल सकाळी साडेसातला कळलं. चहा ठेवला होता. ‘सौंसर वार्ता’ या ग्रुपवर रोजच्यासारखा तुमच्या फळ्याचा फोटो आला. संत्र्याचा भाव, नळ किती वाजता, आणि खाली चौकटीत: कु. अश्विनी हेमराज कामडी, वय २६, नागपूर मुक्कामी अपघाती निधन, अंत्यसंस्कार तिथेच झाले. अक्षर तुमचं. तुमचं अक्षर मी अंधारातही ओळखीन, ते गिरवूनच तर मी मराठी शिकले. शाळेत हिंदी आणि चौकात तुमचा फळा, असं आमचं शिक्षण.

चहा उतू गेला. अमोल म्हणाला, “आता तुझ्या हातचं खायचं की नाही?” आम्ही हसलो. मग मला आईची आठवण झाली आणि हसू थांबलं.

नऊ महिन्यांपूर्वी मी अमोल सोमकुवरशी कोर्टात लग्न केलं, हे सगळ्या सौंसरला ठाऊक आहे. फक्त आईला नाही. तिला बाबांनी सांगितलंय की पोरगी नागपूरला ट्रेनिंगला आहे, तिथे फोन चालत नाही. दिवाळीला ती माझी वाट पाहत दारात बसली होती म्हणे. तिच्या विचारण्याला बाबा कंटाळले असतील, म्हणून मला मारून टाकलं. ते बाबांना शोभतं. पण फळा बाबांचा नाही, तुमचा आहे.

तुमचा नियम मला पाठ आहे. घरचं माणूस स्वतः वाचनालयात येऊन वहीत सही करेल, तेव्हाच फळ्यावर नाव. फोनवर कळलेलं चालत नाही, लोकांनी सांगितलेलं चालत नाही. आजोबा नागपूरला दवाखान्यात वारले तेव्हा चार फोन आले, तरी आई रडली नाही. तुम्ही येऊन फळ्यावर लिहिलंत तेव्हा चौकात बसून रडली. तिच्यासाठी फळ्यावर आलं म्हणजे झालं.

तर वहीत कोणाची सही आहे ते कळवा. आणि उद्या एक ओळ लिहा, की ही बातमी खोटी होती. जास्त काही नको. त्याच वहीच्या पहिल्या पानावर तुम्ही स्वतःबद्दल लिहून ठेवलंय, मी गेल्यावर माझं नाव फक्त अश्विनीने द्यावं आणि तिच्याच अक्षरात लिहावं. मी बारा वर्षांची होते, ते वाचून रात्रभर रडले होते. तेव्हा निदान त्या कामासाठी तरी मला जिवंत ठेवा.

तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून पत्र.

अश्विनी


सौंसर, १९ नोव्हेंबर २०२४

चि. अश्विनी,

तुझं पत्र मिळालं. सोबत परत पाठवतो आहे. तीन चुका आहेत, लाल शाईने दुरुस्त केल्या आहेत. रागात लिहिलं की वेलांट्या सुटतात, हे तुला लहानपणापासून सांगत आलो.

फोन चौकात वाजतो आणि चौकात दहा कान असतात, म्हणून उचलत नाही. गैरसमज नसावा.

वहीत सही आहे. घरच्याच माणसाची आहे. नियम मोडलेला नाही. तुझे वडील भल्या सकाळी आले होते, याहून जास्त मी लिहीत नाही. एकेचाळीस वर्षांत या फळ्यावर दुरुस्तीची ओळ आलेली नाही. एक दुरुस्ती केली की लोक मागची सगळी नावं तपासायला लागतात. मग फळा कशाला, ग्रुप आहेच की, तिथे माणूस सकाळी मरतो आणि दुपारी उठून बसतो.

तुला एक आनंदाची बातमी द्यायची राहिली. चौक समितीने फळ्याला ‘धरोहर’, म्हणजे वारसा, म्हणायचं ठरवलं आहे. सत्तावीस फेब्रुवारीला, मराठी दिवशी, सत्कार. दिपाली नावाची एक मुलगी नागपूरहून येते, आपल्या भागातल्या जुन्या गोष्टींचे व्हिडिओ काढते. माझे हात, खडू, ओलं फडकं, सगळं काढून राहिली. म्हणते, काका, मध्य प्रदेशात मराठीत असा फळा दुसरा नाही. समितीचे अध्यक्ष तुझे वडीलच आहेत, हे तुला ठाऊक आहे. तेव्हा या दिवसांत काही गडबड नको.

तुझी आई बरी आहे. तू आता तुझ्या संसारात लक्ष घाल. थोडे दिवस मेलेलं राहिल्याने कोणाचं काही बिघडत नाही. उलट तुझा भाऊ अंकुर तुला शोधत फिरायचा तो थांबला, हा फायदाच समज.

तुझा मामा,
कवडू


पांढुर्णा, २८ नोव्हेंबर २०२४

मामाजी,

लाल शाई मिळाली. या पत्रात चुका सापडल्या तर राहू द्या, माझ्याकडे वेळ कमी आहे.

आई बरी नाही. गुरुवारच्या बाजाराला आलेली चंद्रकलाबाई घरी येऊन गेली, सौंसरहून बांगड्या घेऊन येते ती. तिने सांगितलं, आईने माझा दहावा केला. भाताचे गोळे स्वतः वळले. आता एक वेळ जेवते, तेही अंकुरची बायको ओरडली की. चंद्रकलाबाईने तिला कानात सांगून पाहिलं, “ताई, पोरगी जित्ती हाय, म्या पाह्यली, पोटुशी हाय.” आई म्हणाली, “लोकं मन राखासाठी काहीबी सांगतेत बाई. फळा खोटं बोलन का?” चंद्रकलाबाईने तिच्या फोनवरचा माझा फोटो दाखवला तर म्हणाली, जुना असेल. दुसऱ्या दिवसापासून बाबांनी चंद्रकलाबाईला दारात उभं राहू दिलं नाही.

पाहिलंत ना तुमच्या फळ्याची किंमत? दिपालीला सांगा, व्हिडिओत घालता येईल.

मी स्वतः आले असते. पण डॉक्टरांनी पलंगावरून उतरायला मनाई केली आहे, बाळाला धोका आहे. दीड महिना असाच काढायचा आहे. अमोल निघाला होता, मी त्याचे पाय धरले. अंकुरने बस स्टँडवर काय सांगून ठेवलंय ते तुम्हाला माहीत आहे.

तेव्हा फळा राहू द्या. धरोहर होऊ द्या, हार घालून घ्या. मी मेलेली बरी. फक्त आईजवळ जा आणि तिला सांगा. तुम्ही सांगितलं तर ती ऐकेल, दुसऱ्या कोणाचं ऐकणार नाही. सोबत फोटो पाठवते आहे. हातात आजचा पेपर धरला आहे, तारीख दिसते. पळवून नेलेल्या माणसांचे असे फोटो काढतात म्हणे. अमोलने काढला तेव्हा त्याला रडू आलं. मला नाही आलं, कारण आईला हसरा फोटो द्यायचा होता.

आणि वहीच्या त्या पानाचा फोटो पाठवा. बाबा स्वतः सही करायला आले हे मला पटत नाही. ते कुठेच स्वतः जात नाहीत.

अश्विनी


सौंसर, १२ डिसेंबर २०२४

चि. अश्विनी,

मी गेलो होतो. तुझा फोटो कोटाच्या आतल्या खिशात होता.

अंबा ओसरीवर कापसाच्या वाती वळत बसली होती. हेमराज आत होते. तिने मला पाहिलं, पाणी दिलं, मग हळूच विचारलं, “दादा, फळ्यावर कोनं लिहिलं? तूच लिहिलं का दुसऱ्या कोनाले सांगतलं?” मी म्हणालो, “म्याच लिहिलं.” ती म्हणाली, “मंग खरं हाय.” थोड्या वेळाने विचारलं, “नावाआधी काय लिहिलं, कुमारी का सौभाग्यवती?” मी म्हणालो कुमारी. ती म्हणाली, “बिना लग्नाची गेली माही पोरगी.” आणि वाती वळत राहिली.

त्या वेळी खिशातून फोटो काढायला हवा होता. मी काढला नाही. आतून हेमराजांनी हाक मारली, “कवडूजी, सत्काराचं काय ठरलं?” मी चहा प्यायलो आणि निघालो. तुला खोटं कशाला सांगू, बाहेर पडल्यावर मला हलकंच वाटलं.

तू मला नावं ठेवशील. पण तुझ्या आईला आज सांगितलं तर ती उद्या चौकात येऊन मला विचारेल, दादा, तू खोटं लिहिलं? सगळ्या लोकांसमोर विचारेल, तिला आडपडदा माहीत नाही. अडीच महिन्यांचा प्रश्न आहे. सत्तावीस फेब्रुवारी झाली की अठ्ठावीसला सकाळी मी स्वतः तिला ऑटोत बसवून तुझ्या दारात आणतो. तोवर ती कुठे जाते?

सही घरच्या माणसाचीच आहे. तेच तेच विचारू नकोस.

कवडू


पांढुर्णा, २४ जानेवारी २०२५

मामाजी,

चार जानेवारीला मला मुलगी झाली.

सोळा जानेवारीला फळ्याचा फोटो आला. सौ. अंबाबाई हेमराज कामडी, वय ५८, अल्पशा आजाराने निधन. पश्चात पती, मुलगा, सून असा परिवार. मी ती ओळ कितीतरी वेळा वाचली. परिवार मोजताना तुम्ही कुठे थांबलात तेही दिसतं, ‘सून’नंतर खडू थोडा टेकला आहे, तिथे पांढरा ठिपका पडला आहे. तो ठिपका म्हणजे मी, असं समजून घेतलं.

टाके ओले होते. तरी अमोलच्या मित्राच्या ऑटोत निघाले. पोहोचले तोवर सगळे घाटावरून परतले होते. घराकडे गेले नाही. वाचनालयात गेले, तुम्ही नव्हता, आमच्या घरच्या गर्दीत असाल. वही टेबलावर होती. सात नोव्हेंबरचं पान काढलं.

बाबांची सही नाही. अंकुरची नाही. ‘कवडू घागरे, मयताचे मामा.’ खाली दोन रेघा मारल्या आहेत, नेहमीसारख्या.

तुम्ही म्हणालात सही घरच्या माणसाची आहे. खरंच आहे. तुम्ही खोटं कधी बोलतच नाही.

माझी आई मला कुमारी समजून गेली. तिची नात बारा दिवसांची होती, पस्तीस किलोमीटरवर. मला तुमचा किती राग आला आहे ते मला लिहिता येत नाही, आणि लिहिता आलं तरी तुम्ही त्यात वेलांट्या शोधाल.

अश्विनी


सौंसर, २ फेब्रुवारी २०२५

अश्विनी,

तुझ्या पत्रात एकही चूक नाही. मी लाल पेन उघडलंच नाही.

ऐक, आता सगळं सांगतो. दिवाळीनंतर हेमराज वाचनालयात आले. म्हणाले, समितीने ठरवलं आहे, फळ्याच्या जागी लाइटवाला स्क्रीन लावायचा, हिंदीत, जाहिराती चालतील. मी हात जोडले. ते म्हणाले, “फळा राहीन, धरोहर बी करून देऊ. एक नाव तेवढं लिहून द्या.” मी म्हणालो, घरच्या माणसाची सही लागते. ते हसले. “तुम्ही काय परके हाय का?”

मी सही केली. मला वाटलं, एक ओळ आहे, सकाळी लिहायची, दुसऱ्या सकाळी ओल्या फडक्याने पुसायची. तू जिवंत आहेस हे मला ठाऊक होतंच. मी कोणाला मारत नव्हतो. फोटो निघतो आणि तो पुसता येत नाही, हे एकेचाळीस वर्षं फळा लिहिणाऱ्या माणसाच्या डोक्यात आलं नाही. आणि अंबा विश्वास ठेवेल हे तर डोक्यात यायलाच हवं होतं. तिला वाचायला मीच शिकवलं, याच फळ्यासमोर उभं करून.

शेवटच्या दिवशी मी तिच्याजवळ होतो. तुझा फोटो खिशात होता. खोलीत बाया होत्या, हेमराज होते. ती माझ्याकडे पाहत होती. मी तिच्या कपाळावरून हात फिरवला. बस, एवढंच केलं.

आता माझं एक ऐक. सत्तावीसला तू ये, मुलीला घेऊन ये, पहिल्या रांगेत बस. कॅमेरा चालू असताना मी माइकवर सगळं सांगतो आणि फळ्यावर लिहितो, अश्विनी अमोल सोमकुवर जिवंत आहे. मग त्यांना काय करायचं ते करू दे.

माझ्या छातीत दुखतं. डॉक्टरने जिना चढू नको म्हटलं आहे. वहीचं पहिलं पान तसंच आहे. माझं नाव तूच द्यायचं, तुझ्या अक्षरात. मला दुसरं कोण आहे? तेवढं तरी तू मोडू नकोस, माय.

कवडू


सौंसर, २८ फेब्रुवारी २०२५

अश्विनी,

तू आली नाहीस. पहिल्या रांगेत एक खुर्ची शेवटपर्यंत मी रिकामी ठेवायला लावली होती.

व्हिडिओ तू पाहिलाच असशील. माइक हातात आला, समोर एवढी माणसं पाहिली आणि तोंडातून नेहमीचंच निघालं, की या फळ्यावर आजवर एकही नाव खोटं आलं नाही. टाळ्या वाजल्या. मी माइक परत दिला. तू समोर असतीस तर बोललो असतो. पुढच्या रविवारी मी पांढुर्ण्याला येतो. मुलीचं नाव काय ठेवलं ते कळव.

कवडू


सौंसर, १३ मार्च २०२५

अश्विनीताई,

तुमची माझी ओळख नाही. मी दिपाली. ‘धरोहर’चे व्हिडिओ मी काढते. कवडूकाकांच्या टेबलात तुमचा पत्ता मिळाला.

काका सात तारखेला सकाळी गेले. फळ्याखालीच, हातात फडकं होतं. तेव्हापासून फळा कोराच आहे. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी लिहून ठेवलंय की त्यांचं नाव फक्त तुम्ही द्यावं. मी कामडींकडे जाऊन आले. अंकुरभाऊ म्हणाले, मामा आमच्या घरचा नव्हता, आणि तसंही एक एप्रिलपासून तिथे स्क्रीन लागणार आहे.

ताई, त्याआधी फळ्यावरचं शेवटचं नाव काकांचं असावं असं मला मनापासून वाटतं. तुम्ही एक दिवस याल का? वहीत सही आणि एवढी एक ओळ. तुमचं अक्षर हुबेहूब त्यांच्यासारखं आहे असं ते नेहमी सांगायचे. तुमची हरकत नसेल तर तो क्षण आम्ही शूट करू. साडी शक्यतो फिकट रंगाची असावी.

सत्काराचा व्हिडिओ चार लाख लोकांनी पाहिलाय. लोकांना काका फार आवडले.

दिपाली


पांढुर्णा, १७ मार्च २०२५

दिपाली,

तुझं पत्र वाचून मी रडले. ते आधीच सांगते, म्हणजे माझ्या मनात काही नव्हतं असं तुला वाटायला नको. त्या माणसाने माझा हात धरून मला पहिलं अक्षर शिकवलं. मी सहा वर्षांची असताना मला स्टुलावर उभं करून फळ्यावर भाव लिहू दिला होता, तेव्हा आई खाली उभी राहून मोठ्याने वाचत होती. मी तासभर रडले, मग मुलीला पाजलं आणि लिहायला बसले.

तो सत्काराचा व्हिडिओ मी पाहिला आहे. मुलीला मांडीवर घेऊन पाहिला. एकही नाव खोटं नाही, असं ते म्हणाले तेव्हा ती दचकली, टाळ्यांच्या आवाजाने असेल. तो भाग काढू नकोस. चार लाख लोकांनी ऐकला आहे.

आता वही उघड. पहिलं पान नको, ते तू पाहिलंस. सात नोव्हेंबरचं काढ. तिथे एक नाव आहे, वय आहे, खाली मामाजींची सही आहे आणि दोन रेघा. नीट वाच. नियमाप्रमाणे सही झालेली आहे, खाडाखोड नाही, दुरुस्ती नाही. त्यांनी एकेचाळीस वर्षं जे जपलं ते मी कशाला मोडू?

मेलेलं माणूस सही करायला येत नाही. दुसऱ्या कोणाची सही चालत नाही, तसं त्यांनीच लिहून ठेवलंय. तेव्हा फळ्याप्रमाणे मामाजी जिवंत आहेत आणि मी मेलेली आहे. तसंच राहू दे.

अश्विनी अमोल सोमकुवर